औषधाची चिठ्ठी आणि हवेतील कर्ब

वैद्यकी हा धूर ओकणारा व्यवसाय आहे, असे सहसा कोणी म्हणणार नाही. दवाखान्याला धुराडे नसते, डॉक्टरांच्या टेबलावर यंत्रांचा खडखडाट नसतो. हवेत साचत चाललेल्या कार्बन-डाय-ऑक्साइडचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे वीजकेंद्रे, कारखाने, मालमोटारी उभ्या राहतात. तथापि हेल्थ केअर विदाउट हार्म या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील उष्णताधारक वायूंच्या निव्वळ उत्सर्जनापैकी सुमारे ४.४ टक्के वाटा आरोग्यसेवेचा आहे. त्यातही महत्त्वाची गोष्ट अशी की, यापैकी सुमारे ७१ टक्के उत्सर्जन रुग्णालयांच्या आवारात होतच नाही. ते औषधे, उपकरणे आणि इतर साहित्य यांच्या निर्मितीत, वाहतुकीत व विल्हेवाटीत होते.

याच अहवालात एकूण उत्सर्जनाच्या दृष्टीने भारताच्या आरोग्यसेवेचा क्रमांक सातवा लावलेला आहे. हा क्रमांक वाचून दचकण्याचे कारण नाही. आपली लोकसंख्या मोठी आहे, आणि दरडोई हिशेब केल्यास आपला वाटा श्रीमंत देशांच्या मानाने अगदी अल्प भरतो. उलट आपल्याकडे असंख्य लोकांना हवे ते उपचार हवे तेव्हा मिळत नाहीत, हीच खरी अडचण आहे. म्हणून कर्ब उत्सर्जन कमी करावयाचे म्हणजे उपचार कमी करावयाचे, असा अर्थ कोणी लावील तर तो अनर्थ ठरेल. प्रश्न आहे तो ज्यांचा रुग्णाला उपयोग नाही अशा उपचारांचा. त्यांचा खर्च रुग्ण सोसतो, त्यांचा धोकाही रुग्णच पत्करतो, आणि त्यांचा कर्ब मात्र सर्वांच्या वाट्याला येतो.

अकोला शहरातील जठारपेठेतला, किंवा वऱ्हाडातील कोणत्याही पेठेतला, कुटुंबवैद्याचा दवाखाना क्षणभर नजरेसमोर आणावा. रस्त्यालगत दोन खोल्या, बाहेर बाके, आत तपासणीचे टेबल, लशी ठेवण्यासाठी लहानसे शीतकपाट, पडद्यामागे सलाईन लावण्यासाठी एक-दोन खाटा. सायंकाळी बाकांवर जागा उरत नाही. शेजारच्या गल्लीतील रुग्ण जसे असतात, तसेच बार्शीटाकळी, पातूर, बाळापूर, अकोट येथून आलेलेही असतात. या दवाखान्याचा कर्ब कोठकोठून निघतो, हे शोधावयाचे तर तीन ठिकाणी पाहावे लागेल: विजेचे मीटर, औषधाची चिठ्ठी आणि बाहेर उभ्या असलेल्या दुचाक्या.

इंग्लंडमध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवेने ऑक्टोबर २०२० मध्ये निव्वळ शून्य उत्सर्जनाचा संकल्प जाहीर केला. तेथील कुटुंबवैद्यांच्या सेवेचा हिशेब मांडला गेला तेव्हा साठ टक्क्यांहून अधिक उत्सर्जन लिहून दिलेल्या औषधांपोटी होत असल्याचे दिसून आले. दिवे, पंखे आणि हीटर यांचा क्रमांक नंतरचा. आपल्याकडे हेच प्रमाण जसेच्या तसे लागू होईल असे मानण्याचे कारण नाही, कारण वऱ्हाडचा उन्हाळा इंग्लंडला ठाऊक नाही आणि आपली वीज मुख्यत्वे कोळशाची आहे. परंतु औषधाच्या चिठ्ठीकडे पाहण्याची जी दृष्टी या हिशेबाने दिली ती येथेही उपयोगी पडणारी आहे.

पारसची वीज आणि वाळ्याची ताटी

आधी विजेचा विचार करू. अकोल्याच्या पश्चिमेस, बाळापूर तालुक्यात, भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पारस येथे महानिर्मितीचे औष्णिक वीजकेंद्र आहे. तेथील जुने लहान संच बंद झाले असून आता प्रत्येकी २५० मेगावॉटचे दोन संच आहेत. रेल्वेच्या वाघिणींतून कोळसा येतो, जळतो आणि त्याची वीज होते. पारसची वीज थेट जठारपेठेतच येते असे अर्थातच नव्हे. ती देशाच्या जाळ्यात मिसळते, आणि त्याच जाळ्यात जलविद्युत, पवन व सौर वीजही असते. या मिश्र विजेच्या प्रत्येक युनिटमागे आज सरासरी सुमारे ०.७ किलोग्रॅम कार्बन-डाय-ऑक्साइड हवेत जातो.

मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा ४५ अंशांपलीकडे गेला तेव्हा जिल्हा प्रशासनाने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४४ व्या कलमान्वये आदेश काढून कामगारांसाठी सावली-पाण्याची सोय करण्यास आस्थापनांना सांगितले व खाजगी शिकवणी वर्गांच्या वेळांवर निर्बंध घातले. अशा दिवसांत तापाने फणफणलेले मूल किंवा रक्तदाबाचा वृद्ध रुग्ण तापलेल्या खोलीत बसवून ठेवणे हा वैद्यकीय दृष्ट्याच प्रमाद होय. गारवा हवाच. तो कसा मिळवावा, एवढाच प्रश्न आहे.

दीड टनाचे वातानुकूलन यंत्र अशा उष्म्यात ताशी सव्वा ते दीड युनिट वीज घेते. आठ तासांचे दहा ते बारा युनिट, म्हणजे दिवसाला सात-आठ किलोग्रॅम कर्बवायू झाला. आपल्याकडील मोठा कूलर पंखा व पंप मिळून साधारण दोनशे वॉटवर चालतो. त्याच आठ तासांत तो सव्वा किलोग्रॅमच्याही आत राहतो. वऱ्हाडची हवा उन्हाळ्यात कोरडी असल्यामुळे कूलर येथे उत्तम काम करतो. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडून दुपार काढणाऱ्या आपल्या पूर्वजांना हे तत्त्व पुरते ठाऊक होते. मात्र कूलर तासाला पाच ते दहा लिटर पाणी पितो, आणि अकोल्याची तहान महानच्या काटेपूर्णा धरणावर अवलंबून आहे. धरणाने तळ गाठलेल्या वर्षी नळाला कित्येक दिवसांआड पाणी येते, हा अनुभव येथील नागरिकांना नवा नाही. तेव्हा कूलर नेहमीच श्रेष्ठ असे सरसकट विधान करता येणार नाही. जेथे यंत्र लावणे भाग आहे तेथे ते २४ अंशांवर ठेवावे. तापमान एका अंशाने वाढविल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते असे केंद्र शासनाच्या ऊर्जा कार्यक्षमता विभागाचे सांगणे आहे, आणि १ जानेवारी २०२० पासून तारांकित यंत्रे मुळात २४ अंशांवरच सुरू होतील अशी व्यवस्थाही त्याने केली आहे.

त्याहूनही स्वस्त उपाय गच्चीवर आहे. जुन्या धाब्याच्या घरांत मातीचा जाड थर ऊन आत येऊ देत नसे. सिमेंटचा स्लॅब मात्र दिवसभर तापतो आणि संध्याकाळी, नेमक्या रुग्णांच्या गर्दीच्या वेळी, ती उष्णता खाली सोडतो. या स्लॅबवर पांढऱ्या चुन्याचा किंवा परावर्तक रंगाचा हात दिल्यास खोली काही अंशांनी निवते. अहमदाबाद महानगरपालिकेने २०१३ मध्ये उष्णतेच्या लाटांविरुद्ध कृती आराखडा तयार केला आणि पुढे त्यात पांढऱ्या छतांचा समावेश केला. विदर्भात नागपूरनेही असा आराखडा हाती घेतला. छतावर सौर पट्ट बसविल्यास दर किलोवॉटमागे दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळू शकते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेचे अनुदान निवासी जोडणीलाच मिळते, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. वर घर आणि खाली दवाखाना अशी रचना असेल तर जोडणी कोणत्या प्रकारची आहे ते आधी तपासावे.

साडेचार ग्रॅम मीठ

विजेचा हिशेब मीटर तरी दाखवितो. चिठ्ठीचा हिशेब कोणी ठेवीत नाही. म्हणूनच तो सविस्तर मांडणे अगत्याचे आहे.

'डॉक्टरसाहेब, अशक्तपणा आला आहे, एक सलाईन लावा,' ही मागणी वऱ्हाडातील कोणत्याही डॉक्टरांना अपरिचित नाही. पेरणीचे दिवस संपले की ती वाढते, कापूस वेचणीच्या हंगामात वाढते, लग्नसराईनंतर तर हटकून वाढते. आता या सलाईनमध्ये असते काय? अर्धा लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ आणि बाकी सारे पाणी. हे पाणी अत्यंत शुद्ध करावे लागते, प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करावे लागते, आणि मग मालमोटारीने शेकडो किलोमीटर आणावे लागते. त्यासोबत नळी, सुई, चिकटपट्टी आणि त्यांची वेष्टने. तासाभराने हे सर्व कचऱ्यात जाते. साडेचार ग्रॅम मीठ आणि दोन पेले पाणी रुग्णाच्या शरीरात पोहोचविण्याचा याहून खर्चिक मार्ग शोधून सापडणार नाही.

ज्याला शुद्ध नाही, ज्याच्या पोटात पाणी ठरत नाही, ज्याचे शरीर जुलाबाने पुरते कोरडे पडले आहे, त्याच्यासाठी हाच मार्ग प्राण वाचविणारा आहे. तेथे काटकसर करणे गुन्हा होय. परंतु ज्याला तोंडाने पाणी पिता येते त्याला सलाईनने काय अधिक मिळते? या प्रश्नाचे उत्तर १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत मिळून चुकले आहे. बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामाच्या वेळी तेथे पटकीची साथ उसळली, सलाईनचा साठा संपला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ व साखर यांचे द्रावण रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती देऊन ते पाजावयास लावले. छावणीतील मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या आत आले. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार मिळणारी जलसंजीवनीची पुडी अवघी साडेवीस ग्रॅमची असते. पाणी घरचेच वापरावयाचे असल्याने लिटरभर पाण्याची वाहतूक वाचते. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ एवढ्यावर काम भागते. मिठाचे माप मात्र चुकता कामा नये.

इंजेक्शनांची कथा याहून गंभीर आहे. २००२-०३ मध्ये झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात वर्षाला सुमारे ३०० कोटी इंजेक्शने टोचली जातात आणि त्यांपैकी सुमारे ६३ टक्के असुरक्षित असतात, असे आढळले. असुरक्षित सुईतून काविळीचे विषाणू पसरतात. अशा रुग्णाला पुढे यकृताच्या विकारासाठी वर्षानुवर्षे जे उपचार घ्यावे लागतात त्यांचा पैसा, यातना आणि कर्ब हा सर्व त्या एका अनावश्यक सुईच्या खात्यावर टाकावयास हवा. महाराष्ट्रात या प्रश्नाचा पाठपुरावा नवा नाही. डॉ. अनंत फडके यांनी सातारा जिल्ह्यातील औषधपुरवठा व औषधवापर यांचा अभ्यास करून १९९८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. अनावश्यक औषधांचा व इंजेक्शनांचा प्रश्न त्यांनी त्यात आकडेवारीने मांडला. त्या काळी कर्बाचा विचार कोणाच्या मनात नव्हता. विवेकी औषधवापराचा आग्रह धरणाऱ्यांना रुग्णाचे पैसे आणि प्रकृती वाचवावयाची होती. आज त्याच आग्रहाला हवामानाचे आणखी एक कारण येऊन मिळाले आहे, एवढेच.

सर्दी-पडशावर दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांचेही असेच. विषाणूंमुळे होणाऱ्या सर्दीवर ती निरुपयोगी असतात. त्यांचा कच्चा माल मोठ्या प्रमाणात चीनमधून येतो, तो तयार करताना द्रावके आणि उष्णता खर्ची पडते, आणि शेवटी उरलेल्या गोळ्या घरच्या फडताळात पडून राहतात. त्यांच्या अतिवापराने जंतू औषधांना दाद देईनासे होतात ही बाब तर सर्वश्रुत आहे.

येथे सर्व दोष डॉक्टरांवर टाकून मोकळे होणे न्यायाचे होणार नाही. सुई न टोचणारा डॉक्टर 'काहीच करीत नाही' अशी समजूत गावोगाव आहे, आणि असा रुग्ण शेजारच्या दवाखान्यात गेला की विवेकाने वागणाऱ्याचेच नुकसान होते. ही समजूत बदलण्याचे काम दवाखान्यात होण्यासारखे नाही. ते शाळेत आणि ग्रामसभेत होईल. सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांसमोर अर्धा लिटर पाणी व साडेचार ग्रॅम मीठ तराजूत तोलून दाखविले, तर सलाईनमध्ये शक्ती असते हा भ्रम एका तासिकेत दूर होऊ शकेल.

दम्याची फवारणी

चिठ्ठीवरील एका औषधाचा उल्लेख स्वतंत्रपणे करावयास हवा. दम्याच्या रुग्णांना दिला जाणारा दाबाचा फवारा आत भरलेल्या वायूच्या जोरावर चालतो. पूर्वी त्यात वापरला जाणारा वायू ओझोनच्या थराला घातक ठरल्याने १९८७ च्या माँट्रियल करारानंतर हळूहळू हद्दपार झाला. त्याच्या जागी आलेला हायड्रोफ्लुओरोकार्बन ओझोनला अपाय करीत नाही, परंतु शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याच वजनाच्या कार्बन-डाय-ऑक्साइडच्या सुमारे १,३०० पट उष्णता धरून ठेवतो. त्यामुळे दोनशे मात्रांचा एक फवारा संपेतो, आतील वायूच्या वजनानुसार, सुमारे १० ते २८ किलोग्रॅम कर्बवायूइतका परिणाम होतो. वर दिलेल्या विजेच्या हिशेबाने हे १४ ते ४० युनिट झाले. अशा वायूंच्या घटीसाठी २०१६ मध्ये किगाली येथे करारात दुरुस्ती झाली. भारताने ती २०२१ मध्ये मान्य केली असून २०३२ पासून टप्प्याटप्प्याने घट करावयाची आहे.

याउलट कोरड्या भुकटीची कॅप्सूल साधनात ठेवून फोडावयाची आणि भुकटी श्वासाबरोबर आत ओढावयाची, या पद्धतीत वायू लागतच नाही. तिचा भार फवाऱ्याच्या मानाने अगदी थोडा असतो. सुदैवाने हे साधन, लोक ज्याला रोटाहेलर या नावाने ओळखतात, आपल्याकडे चांगलेच रुळलेले आणि स्वस्तही आहे. श्रीमंत देशांना आज ज्या बदलासाठी मोहीम चालवावी लागत आहे तो आपल्याकडे परवडण्याच्या कारणाने आधीच पुष्कळसा घडून आला आहे.

परंतु या ठिकाणी सावधगिरी हवी. भुकटी ओढण्यास जोराचा श्वास लागतो. लहान मुले, क्षीण झालेले वृद्ध आणि तीव्र झटक्यात असलेला रुग्ण यांना तो घेता येत नाही. त्यांच्यासाठी फवारा आणि त्याला जोडावयाची पोकळ नळी हेच योग्य साधन होय. ज्याचा दमा फवाऱ्याने आटोक्यात आहे त्याने केवळ हवेचा विचार करून, डॉक्टरांना न विचारता, साधन बदलू नये, आणि बंद तर मुळीच करू नये. खरी बचत अन्यत्र आहे. दर महिन्याला तात्पुरत्या आरामाचा एक फवारा संपविणाऱ्या रुग्णाचा दमा आटोक्यात नसतो. त्याला श्वासनलिकेची सूज कमी करणारे नियमित औषध मिळाले, आणि साधन कसे वापरावे हे कोणी पाच मिनिटे बसून शिकविले, तर फवारेही कमी लागतील आणि मध्यरात्री रुग्णालयात धाव घेण्याची वेळही टळेल.

अकोटहून अकोल्यास

अकोट ते अकोला हे अंतर सुमारे ४५ किलोमीटर. मोटारसायकलने जाऊन-येऊन दोन लिटर पेट्रोल जळते, आणि एका लिटरमागे सुमारे २.३ किलोग्रॅम कर्बवायू निघतो. केवळ रक्ततपासणीचा कागद दाखविण्यासाठी केलेली ही खेप साडेचार किलोग्रॅमपेक्षा अधिक पडते, आणि त्याशिवाय एक दिवसाची मजुरी बुडते ती निराळीच. मार्च २०२० मध्ये केंद्र शासनाने दूरसल्ल्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. आधी प्रत्यक्ष तपासलेल्या रुग्णाला त्याच आजारासाठी सहा महिन्यांच्या आत दूरध्वनीवरून सल्ला देण्यास नोंदणीकृत डॉक्टरांना त्यान्वये मुभा आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या ई-संजीवनी सेवेद्वारे गावच्या आरोग्य केंद्रातूनही तज्ज्ञांशी बोलता येते. पहिली तपासणी, छातीत दुखणे, लहान मुलाचा ताप, गरोदरपणातील तक्रार अशा प्रसंगी मात्र रुग्णाला हाताने तपासण्याला पर्याय नाही.

कचऱ्याबाबत थोडक्यात. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम एका खोलीच्या दवाखान्यालाही लागू आहेत. पिवळ्या पिशवीतील कचरा भट्टीत जाळला जातो. लाल पिशवीतील नळ्या व बाटल्या निर्जंतुक करून त्यांचे प्लॅस्टिक पुन्हा वापरात आणता येते. औषधांची कागदी खोकी, चहाचे पेले आणि वर्तमानपत्रे पिवळ्या पिशवीत टाकली गेली की विनाकारण जळतात. हे काम दवाखान्यातील मदतनिसाच्या हाती असते; त्याला रंगांचा अर्थ समजावून सांगण्यास फार वेळ लागत नाही.

केंद्र शासनाचा हवामान बदल व मानवी आरोग्य यांविषयीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१९ पासून चालू आहे. राज्य शासनाने ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू केलेल्या माझी वसुंधरा अभियानात ग्रामपंचायतींच्या पर्यावरणविषयक कामाला गुण दिले जाऊ लागले. पंचायत सदस्यांना यासाठी नवा निधी शोधत बसण्याची गरज नाही. उपकेंद्राच्या छतावर चुन्याचा हात, प्रतीक्षालयात कमी वीज घेणारे पंखे, आशा स्वयंसेविकेकडे जलसंजीवनीच्या पुड्यांचा पुरेसा साठा, आणि दूरसल्ल्यासाठी चालू स्थितीतील जोडणी, एवढी पाहणी मार्च महिन्यातच उरकून घ्यावी. एप्रिलच्या मध्यापासून पारा चाळिशी ओलांडू लागतो. मग दुपारच्या वेळी छतावर चढून चुना देण्यास माणूस मिळत नाही.